हेमावतीअक्कांच्या मॉरिसची हवा

रेवणप्पांनी बायकोला मोटार चालवायला शिकवली तेव्हा सोलापुरात बायका टांग्यातसुद्धा पडदा ओढून बसत. ते गेले, कापडाचं दुकान दिरांकडे गेलं, आणि हेमावतीअक्कांकडे राहिली १९४९ सालची काळी मॉरिस. गाडी विकून टाका, असं सगळ्यांनी सांगितलं. अक्कांनी ती ठेवली. मंद्रूपला त्यांची शेती होती. तिथल्या कुणा बाईचं बाळंतपण अडलं की निरोप यायचा, आणि अक्का गाडी काढायच्या.

त्र्याहत्तर साली टायर पार झिजले. मूळ मापाचे कुठे मिळेनात, म्हणून पुण्याहून थोडे रुंद टायर मागवले. मग हवेचा प्रश्न उभा राहिला. गाडीच्या पुस्तकात पुढे बावीस पौंड, मागे चोवीस लिहिलेलं. पण ते जुन्या टायरसाठी. पेट्रोल पंपावरचा महिपती म्हणाला, "तीस मारा, बिनघोर जा." गॅरेजवाल्या तिप्पण्णांनी मान हलवली. "एवढ्यानं गाडी उड्या मारंल. पंचवीस बास की." दीर म्हणाले, उन्हाळ्यात हवा कमीच ठेवावी, तापून टायर फुटतो. अक्कांना तिघांचंही पटलं, आणि घोटाळा तिथेच झाला.

मे महिन्यात भर दुपारी त्या गाडी घेऊन बाजारातून आल्या. टायरला हात लावला तर चटका बसला. दिरांचं बोलणं आठवून त्यांनी चारही चाकांची थोडी थोडी हवा सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंद्रूपहून कोंडीबा सायकलवर धापा टाकत आला. त्याची बायको सारजाबाई रात्रीपासून कळा देत होती. सायकल अंगणातच टाकून तो अक्कांशेजारी बसला आणि गाडी निघाली. जाताना काही जाणवलं नाही. येताना मागे सारजाबाई, तिची सासू आणि सुईण बसल्या, पुढे कोंडीबा. होटगीचा फाटा मागे पडला तशी गाडीची मागची बाजू डुलू लागली. स्टिअरिंग सरळ धरलं तरी शेपूट भलतीकडेच.

अक्कांनी कडेला गाडी थांबवली. मागचे दोन्ही टायर बुडाशी बसले होते आणि तव्यासारखे तापले होते. आता हवा जास्त झाली की कमी? तापलाय म्हणजे जास्त असणार, असं एक मन सांगत होतं. दुसरं मन त्या बसलेल्या टायरकडे बघत होतं. मोजायला जवळ काही नव्हतं.

कोंडीबानं डिकीतला पायपंप काढला. "अक्का, किती मारू?"

"मला ठाऊक नाही रे."

"मग?"

"मार तू. मी बघते."

तो पंप दाबत राहिला. अक्का रस्त्यावर वाकून टायरचा फुगवटा बघत होत्या. आत सारजाबाई कण्हत होती आणि सासू दर थोड्या वेळानं विचारत होती, "झालं न्हाय व्हय अजून?" टायर जरा उचलला गेला तशी अक्का म्हणाल्या, "बास." बास का म्हटलं, हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही. दुसऱ्या चाकाचंही तसंच केलं. डुलणं कमी झालं, थांबलं मात्र नाही. त्या हळूहळू चालवत सरकारी दवाखान्यात पोचल्या. पायऱ्या चढून वर गेल्यावर थोड्याच वेळात सारजाबाईला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

संध्याकाळी अक्का तिप्पण्णांकडे गेल्या. त्यांनी हवा मोजायचा काटा लावला: मागे सव्वीस. पंपावर जाऊन बघितलं तर महिपतीच्या काट्यानं तेवीस दाखवले. "खरा कुठला?" अक्कांनी विचारलं. दोघांनीही आपापला खरा म्हटलं.

तिप्पण्णांनी एक गोष्ट मात्र समजावली. टायर चालून तापला की आतली हवा फुगते, काटा चढतो. तेव्हा हवा सोडली की गार झाल्यावर ती कमी भरते, आणि कमी हवेचा टायर चेपून आणखीच तापतो. मोजायची ती सकाळी, गाडी हलवण्याआधी. माणसं भरायची असली तर मागे थोडी जास्त.

"थोडी म्हणजे किती?"

"ते आता तुमी बघायचं, अक्का. ह्या गाडीला हे टायर मी बी पयल्यांदाच बघतोय."

अक्कांनी स्वतःचा काटा विकत घेतला. चुकीचा असला तर असू दे, रोज एकच चूक होईल, असं त्या म्हणत. पुढे सव्वीस, मागे अठ्ठावीस ठरवलं. वर्षभरानं टायर मधोमध जास्त झिजलेले दिसले, म्हणजे हवा जास्त होत होती. त्यांनी दोन पौंड कमी केले, आणि पुढच्या वेळी मंद्रूपला जाताना पुन्हा एक वाढवला.