तरवडाचे कान

दरवर्षी दिवाळी झाली की आईवडील ऊसतोडीला देवळाली प्रवराकडे निघायचे आणि मी आत्याजवळ मागं राहायचे. मला नोकरी लागली त्या वर्षी शेवगावच्या स्टँडवर उलटं झालं. मी एसटीत बसले होते आणि ते दोघं खाली उभे होते. वडील, आमचे अण्णा, एवढंच म्हणाले, "कामावर ध्यान ठेव."

पुण्यातल्या कंपनीत माझं काम गाड्यांचे सुटे भाग तपासायचं. शिफ्टभर लोखंडातली बारीक चीर शोधायची. सुट्टीला डोळ्यांसमोर काहीतरी जिवंत हवं वाटायचं, म्हणून वही-पेन्सिल आणली. पहिलं चित्र आठवणीतून काढलं, आमच्या बांधावरच्या तरवडाचं, पिवळ्या फुलांसकट. रूममेट मस्त म्हणाल्या. मी ते आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं.

तिचा लगेच फोन आला. "तरवडाला पानाच्या बुडाशी कानावानी बारकी पानं असत्यात. तुझ्या तरवडाचे कान कुठं गेले?"

मला पटेना. रविवारी पुण्यातल्याच एका टेकडीवर जाऊन तरवड पाहिला. कान होते. ज्याच्या शेजारून रोज शाळेत गेले, ते झाड मी कधी पाहिलंच नव्हतं. लाज वाटली, आणि मग हट्टच धरला. आमच्या बांधावरचं एकेक झाडझुडूप समोर बसून काढायचं.

गावी राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनाही सांगते, एका पानाच्या शिरा उतरवायला तास जातो आणि तेवढा वेळ मी परगावी नसते.

रजा टाकून गावी जाऊ लागले. अण्णांना ते खपलं नाही. पोरगी शिकली अन् गवताची चित्रं काढत बसली, असं ते चारचौघांत बोलले. मी चित्रं काढतच राहिले. माका काढला, कुर्डू काढला. एकदांडी दोनदा बिघडली, तिसऱ्यांदा जमली. आई नावं सांगायची, मी खाली लिहायचे. तिला वाचता येत नाही, पण चुकलेल्या जागी ती बरोबर बोट ठेवते.

गेल्या दिवाळीत मी बांधावर बसले असताना अण्णा आले. वही मागितली, उभ्या उभ्या पानं उलटली. मग बांधाच्या टोकाला जाऊन त्यांनी हाक मारली, "हे राहिलंय बघ."

काटेरी रिंगणी होती, जांभळ्या फुलांची. मी तिथंच बसले. कागदावर ऊन येत होतं, तर अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल दोन्ही हातांनी वर धरला. फूल पुरं होईपर्यंत ते हलले नाहीत.

मी पुण्यातच राहणार आहे, नोकरी तिथं आहे. पण निम्मा बांध अजून काढायचा राहिलाय. तो पुरा होईपर्यंत मी गाव सोडलंय, असं कुणी म्हणू नये.