वरच्या वाडीची मार्सली

मार्सली मॅकॅस्किलचा उभा जन्म एकाच दरीत गेला. चर्च खाली समुद्रकाठी, तिथून नदीच्या कडेकडेनं वर पाच वाड्या, आणि सगळ्यांत वरची आखनाबा ही तिची. जन्म मधल्या वाडीतला. लग्न करून दोन मैल वर आली आणि जग बघितल्याच्या तोऱ्यात राहिली. पुढे जमीनदाराला माणसांपेक्षा मेंढ्या लाडक्या झाल्या. त्याच्या कारभाऱ्यानं खालच्या चारही वाड्यांची छपरं पेटवली, माणसं जहाजानं कॅनडाला गेली. आखनाबात उरल्या विधवा मार्सली, तिची गाय आणि शेजारची ऊना.

तेव्हापासून भीतीनं मार्सलीच्या पोटात घर केलं. लांब कुठं कुत्रं भुंकलं तरी ती दार लावून घेई.

एका उन्हाळ्यात साखळ्या आणि दुर्बिणी घेतलेले सरकारी मोजणीदार वर येताना दिसले. ऊना म्हणाली, "नकाशावाले आहेत गं. वाडीचं नाव विचारतील, सांगून टाकू."

"आज नाव विचारतील, उद्या काडी लावतील. धूर दिसला की संपलं आपलं."

मार्सलीची चूल सासूच्या सासूपासून विझलेली नव्हती. रोज रात्री प्रार्थना म्हणत निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी फुंकून जागे करायचे, अशी त्या दरीची रीत. त्या चुलीवर तिनं बादलीभर पाणी ओतलं. ऊनाचीही विझवायला लावली. मग दोघी गाय घेऊन झुडपांत दडून बसल्या. मोजणीदारांनी नदीपलीकडूनच दुर्बीण लावली, वहीत काहीतरी लिहिलं आणि परत फिरले. मार्सलीला स्वतःच्या हुशारीचं कोण कौतुक वाटलं.

दोन वर्षांनी एक मेंढपाळ वर आला. सोमवारी छपरं उतरवून इथं कोकरांचा गोठा करायचाय, असं त्यानं सांगितलं. नव्या नकाशात आखनाबाच्या जागी नुसतं 'पडकी घरं' असं लिहिलं होतं. घराबाहेर काढायचं तर आधी नोटीस लागते, एवढं ऊनाला ठाऊक होतं. तिनं ती मागितली.

"नोटीस राहणाऱ्यांना देतात, मावशी," तो अवघडून म्हणाला. "इथं कुणी राहतच नाही, असं कारभाऱ्यांच्या कागदावर आहे."

ऊना रडत बसली. मार्सलीनं शाल घेतली आणि जळक्या चार वाड्यांमधून नऊ मैल खाली चालत गेली. कारभाऱ्याच्या दारावर तिनं थाप मारली. दार त्यानंच उघडलं.

"मी आखनाबाची मार्सली," ती म्हणाली. "मला नोटीस द्या."