त्रिवेणीआत्याचे मोकळे हात

आमची त्रिवेणीआत्या काय काम करते, हे मलकपेठेत एकालाही नीट सांगता आलं तर शपथ! "फुगे बनवते" म्हटलं की लोकांना वाटायचं, जत्रेतले. अहो, तिचा एक फुगा फुगला की आमची अख्खी गल्ली आत मावेल. गावाबाहेरच्या आकाश-संशोधनाच्या केंद्रात लांबच लांब टेबलावर प्लॅस्टिकच्या पट्ट्या जोडून तो बनायचा. प्लॅस्टिक कसलं, कांद्याचा पापुद्राच. एवढासा ओरखडा राहिला तरी फुगा वर जाऊन फाटणार, आणि त्याला टांगलेली दुर्बीण गेलीच. म्हणून टेबलावरच्या बायांना नखं नाहीत, अंगठी नाही, बांगडी नाही. आत्या तिथं बावीस वर्षं होती. तिचे यजमान एकनाथरावकाका चांगले खणखणीत असताना हिचे हात बांगड्यांविना ओके, म्हणून माझी आई, सावित्रीबाई, तिला येता-जाता बोलायची. आत्या नुसती हसायची. "हौ वहिनी, पण प्लॅस्टिकला सौभाग्य कळत नाही."

सत्त्याण्णव साली माझं लग्न ठरलं आणि आईनं डाव साधला. हळदीच्या आधीच्या बुधवारी कासारीण घरी बोलावून आत्याच्या हातात मापाहून एक नंबर लहान हिरवा चुडा भरवला, चांगला दाबून दाबून. "आता काढ बघू!" म्हणाली. मीही टाळ्या पिटल्या. खोटं कशाला बोलू, मला ते भरलेले हात फार आवडले.

गुरुवारी सकाळी दारात विवेकची स्कूटर. विवेक म्हणजे केंद्रातला शास्त्रज्ञ, आत्याला अम्मा म्हणायचा. दुसऱ्या दिवशी सोडायच्या फुग्याला सांध्याशेजारी भोक सापडलं होतं. ठिगळ लावणार कोण? नवी भरती बंद होऊन वर्षं झाली होती. जुन्या बायांतल्या दोघीच उरलेल्या, त्यातली मीना बाळंतपणाच्या रजेवर.

"मग सोडा की पुढच्या आठवड्यात," मी फटकारलं.

"ताई, ते आपल्यासाठी थांबत नाही," विवेक हात जोडून म्हणाला.

'ते' म्हणजे काय, हे आत्यानंच सांगितलं. तिला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. लांब आकाशात एक तारा आणि एक कृष्णविवर एकमेकांभोवती फिरतात. कृष्णविवर त्या ताऱ्याचा वायू ओढून ओढून खातं. "हावरट माणसाला जेवताना ठसका लागतो नं शिल्पा, तसंच. सगळं गिळवत नाही, थोडं दोन्हीकडून फवाऱ्यासारखं उडतं." फवारा उडायच्या आधी तिथून येणारे क्ष-किरण एकदम मंदावतात. पण क्ष-किरण हवेत अडतात, जमिनीवर पोचत नाहीत, म्हणून दुर्बीण फुग्यानं उंच न्यायची. फवारा बघायला दुसऱ्या गावची मोठी रेडिओ दुर्बीण लागते, आणि ती यांना फक्त शुक्रवारपुरती मिळाली होती. दोन्ही एकाच दिवशी बघितलं तरच त्या खाण्याचा आणि ठसक्याचा मेळ लागणार होता. दोन वर्षं ही माणसं त्या एका दिवसाची वाट बघत होती.

साबण झाला, खोबरेल तेल झालं, चुडा हलेना. फोडणं एवढाच मार्ग उरला. लग्नघरात, हळदीच्या तोंडावर, सवाष्णीच्या बांगड्या! आई म्हणाली, "त्रिवेणी, ओक्या हातानं गेलीस तर हळदीला पुढं येऊ नकोस." आणि मी? मी नालायक, मीही रडत ओरडले, "तुझं ते कृष्णविवर सख्खं, मी कोण?"

आत्याचा चेहरा एवढासा झाला. "तू माझीच गं. पण ते भोक तसंच ठेवून तुझ्या मांडवात माझ्या घशाखाली घास उतरणार नाही."

काकांनी बत्ता आणला, तिच्या मनगटाखाली टॉवेलची घडी ठेवली. "मी जिता उभा आहे नं? मग कायकू परेशान होता?" म्हणत एकेक बांगडी वाढवली. दोन ठिकाणी रक्त आलं. त्यावर पट्टी बांधून ती विवेकच्या मागं बसून गेली.

शुक्रवारी पहाटे फुगा सुटला आणि सात तास वर टिकला. संध्याकाळी विवेकचा फोन आला, तो मीच घेतला. क्ष-किरण मंदावलेले दिसले, थोड्या वेळानं तिकडं फवाराही दिसला, असं त्यानं एका दमात सांगून टाकलं. "अम्माचं ठिगळ जराही हललं नाही, ताई." मला इतकी लाज वाटली की फोन ठेवायचंही सुचेना.

शनिवारी हळद. आमच्यात पहिली हळद आत्यानं लावायची. मी पाटावर बसले, तर वाटी शेजारच्या पद्मावतीकाकूंच्या हातात, आणि आत्या लांब स्वयंपाकघराच्या दारात. मी हाक मारली तर म्हणते, "नक्को बाळा, तुला काही अपशकुन नको."

मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "आत्या येत नाही तोवर मी हळद लावून घेणार नाही. मुहूर्त गेला तर जाऊ दे चुलीत!"

आईनं काकूंच्या हातातली वाटी घेतली, स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि ती आत्याच्या पट्टी बांधलेल्या हातात ठेवली.

"लाव," ती म्हणाली. "माझ्या लेकीला आधी तुझाच हात लागू दे."