आठव्या दिवसाचा फोन

"पाणी टाकाच्या आंधी पाहा लागते, भाऊ."

अमरावतीतल्या आमच्या लहानशा दवाखान्यातून मूळव्याधीचं ऑपरेशन करून घरी गेलेल्या प्रत्येकाने सिस्टरांचं हे वाक्य ऐकलेलं आहे. संडासात रक्त पडतंय का ते पाहायचं, हे सुट्टी देताना त्या खालच्या आवाजात सांगत नसत. पेशंट शरमेने छताकडे बघायचा आणि त्याची नजर खाली येईपर्यंत त्या थांबायच्या.

तुम्हीही पाहिलं असेल, अपेंडिक्सवाला माणूस सदरा वर करून टाके दाखवतो. मूळव्याधीवाला मात्र चार दिवस गावाला गेलो होतो म्हणून सांगतो.

मी तिथे नोंदी ठेवायचो. आमच्या डॉक्टरसाहेबांनी लेझरचं मशीन आणलं होतं. त्याला हार घातला होता आणि दारावर पाटी लावली होती : 'आज ऑपरेशन, उद्या घरी'. परवाबद्दल पाटी गप्प होती. पुढे साहेबांना अकोल्याच्या डॉक्टरांच्या सभेत ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठ दिवसांचा अहवाल वाचायचा होता, म्हणून तिसऱ्या आणि आठव्या दिवशी पेशंटला फोन करायचं ठरलं. फॉर्मवर तीन रकाने : उत्तम, बरं, तक्रार. प्रत्येकासमोर एकेक चेहरा, हसरा, गप्प आणि रडका. सिस्टर फोन स्पीकरवर ठेवून विचारायच्या, मी खूण करायचो.

सिस्टर मूळच्या तेल्हाऱ्याच्या, बोलणं तिकडचं वऱ्हाडी.

"दुखते का?"

"थोडं."

"थोडं मंजे रडले का?"

पलीकडचा गडी आधी हसायचा आणि मग खरं सांगायचा. एका फोनला पंधरा मिनिटं लागायची.

"सिस्टर, मला फक्त एक खूण करायची आहे," मी म्हणायचो.

"करा न मंग. मी तुमचा हात धरला का?"

भातकुलीचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांचा आठवा दिवस. सकाळचे अकरा वाजले होते.

"गुरुजी, कसं आहे?"

"उत्तम."

मी खूण केली. सिस्टरांनी फोन ठेवला नाही.

"आवाज काहून बारीक येऊन राहिला?"

"सूनबाई शेजारच्या खोलीत आहे," गुरुजी कुजबुजले.

"मंग निस्ता आकडा सांगा. सकाळपासून किती डाव संडासले गेले?"

"पाच."

"पाहिलं?"

"चष्मा बाहेर काढून ठेवतो मी."

मी हसलो. सिस्टर हसल्या नाहीत.

"घाम येऊन राहिला का?"

"किंचित. उकडतंय."

जानेवारी होता. मी स्वेटर घालून बसलो होतो.

"सूनबाईले फोन द्या."

"नको." आवाज एकदम शाळेतला झाला. "तिला यातलं काही कळता कामा नये. संध्याकाळी मी स्वतः येतो."

"गुरुजी, संध्याकाळ लय दूर आहे."

"काही मर्यादा असते, सिस्टर."

सिस्टरांनी मला साहेबांकडे पिटाळलं. मी दारापर्यंत पोचलो नसेन, तोच मागून सिस्टरांची अशी हाक ऐकू आली की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. "सूनबाईऽऽ!"

फोनमध्ये खुर्ची सरकली. मग काहीतरी धपकन पडलं आणि एक बाई ओरडली, "मामाजी!"

सिस्टरांचा आवाज एकदम खाली आला. "बाई, मी दवाखान्यातून बोलून राहिली. काय दिसते?"

"धोतर पुरं लाल झालं जी!"

"त्यायले उठवू नको. आडवंच ठेव, पायाखाली उशा दे. प्याले काही देऊ नको. धुतलेला टॉवेल घडी कर अन् तिथं जोरानं दाब."

"तिथं? मी?"

"तूच. आता ते तुये मामाजी नाईत. माये पेशंट आहेत."

शेजाऱ्याची गाडी निघाली. फोन चालूच होता. दर मिनिटाला सिस्टर विचारायच्या, "दाबून आहेस न?" आणि गाडीतून यायचं, "आहो जी." एकदा उत्तर आलंच नाही. आम्ही दोघं टेबलावरच्या फोनकडे बघत राहिलो. सिस्टरांनी पुन्हा विचारलं. ट्रकचा हॉर्न वाजला आणि त्याच्यामागून आवाज आला, "आहो."

गाडी आली तेव्हा साहेब स्वतः स्ट्रेचर धरून दारात उभे होते. हे त्यांच्या बाजूने लिहिलं पाहिजे. गुरुजींना पुन्हा टेबलावर घेतलं, वाहती रक्तवाहिनी बांधली, दोन बाटल्या रक्त चढवलं. दुपारी सिस्टरांनी माझी 'उत्तम'ची खूण मलाच खोडायला लावली.

सिस्टर आता अकोल्याला मुलीकडे असतात. आमच्याकडून हल्ली पेशंटच्या मोबाईलवर तीन चेहरे जातात आणि सगळे हसरा दाबतात. साहेब खूश आहेत. मला मात्र त्या दिवशीची संध्याकाळ आठवते.

गुरुजी शुद्धीवर आले होते आणि भिंतीकडे तोंड करून पडले होते. सून बाहेर दाराशी उभी होती. आत यायला तयार नव्हती.

"सिस्टर, तिला कळलं का?"

"घरापासून तिनंच दाबून धरलं होतं, गुरुजी."

सलाईन थेंबाथेंबाने पडत होतं. मी उगाच चार्ट वाचत उभा राहिलो. मान न वळवता गुरुजी म्हणाले, "सकाळपासून तिने काही खाल्लं का, विचारा जरा."

"तुमीच इचारा," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी दार उघडलं, सुनेला दंडाला धरून आत आणलं आणि मला बाहेर काढलं.