आव अब्दोशचे कान

परवा पुतणीच्या बांगड्या मोडायला म्हणून नव्या वस्तीतल्या एका दुकानात गेले होते. काचेमागे बसलेल्या पोराने बांगड्या यंत्रात ठेवल्या, यंत्रावर आकडा उमटला, तो त्याने कागदावर उतरवला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. बांगड्या कुणाच्या, का मोडताय, घरी सगळं ठीक ना, एका अक्षराने विचारलं नाही. मी बांगड्या उचलल्या आणि तडक घरी आले. पुतणी अजून माझ्यावर रुसलेली आहे.

आता तिला काय सांगू? हरार शहराच्या कोटाच्या आत, आमच्या गल्लीत, आव अब्दोशच्या बैठकीवर मी उभी आडवी वाढले आहे. वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही आव म्हणतो आणि बाईला आय; आवांचा धंदा चांदी घ्यायचा-विकायचा. तिथे बाई चांदी विकायला आली की आव आधी घरच्यांची चौकशी करायचे, मग हळूच विचारायचे, "विकायलाच हवी का?" त्यानंतर तराजूला हात. निम्म्या बाया या प्रश्नावर रडायच्या आणि त्यांतल्या काही चांदी परत गाठीला बांधून निघून जायच्या. धंदा बुडवायची ही चांगलीच रीत होती म्हणा. पण आवांचं कधी अडलं नाही.

मोडीची चांदी, तुटके तोडे, पैंजणं, रिकामे ताईत सगळं ते घ्यायचे. पण त्यांचा जीव होता बाईच्या नाण्यावर. जुनं, चांगलं तळहाताएवढं वाटावं असं चांदीचं नाणं, त्यावर एक भरल्या अंगाची बाई. कुठल्या देशाची राणी आणि कधी मेली, आम्हाला काही घेणं नव्हतं. बाजारात कागदी बिर्र कधीच आले होते, तरी खेड्यापाड्यांत या बाईवाचून लग्न अडायचं. तोडे घ्यायचे तर एका पारड्यात तोडे आणि दुसऱ्यात याच बाया. वजनाला ती, किमतीला ती आणि घडवायचं म्हटलं तर भट्टीतही तीच. तिच्या खांद्यावरच्या पिनेवर मण्यांची ओळ असे. खेड्यातल्या बायका एकेका मण्यावर नख फिरवायच्या आणि एखादा झिजलेला दिसला की नाक मुरडायच्या.

आव मण्यांकडे बघतसुद्धा नसत. त्यांच्यासमोर एक काळा गुळगुळीत दगड होता. त्यावर नाणं आपटायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं. चांदी बराच वेळ गात राहते, कथील लगेच गप्प होतं, असं ते सांगायचे. सगळ्या बाजारात त्यांच्या कानाचा दरारा होता. खोटी नाणी पाडणारे लोक आमची गल्ली टाळून पुढे जायचे.

आणि हेच कान गेले. तरुणपणी बापाच्या हाताखाली चांदी ठोकण्यात वर्षं काढली होती, त्याचं हे फळ. तसे ठार बहिरे झाले नाहीत. मोठ्याने बोललं की सगळं कळायचं. पण चांदीची ती बारीक किणकीण, तेवढीच नेमकी ऐकू येईना. देवाला दुसरं काही न्यायला सापडलं नाही का, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तो दिवस मला लख्ख आठवतो. आमचं अंगण एकच, त्यामुळे त्यांची बायको आय रुकिया आणि मी बाजूबाजूला बसून मेथी निवडत होतो. बाबिलेकडचा एक उंटवाला आला होता. आवांनी नाणं आपटलं. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा आपटताना त्यांनी कान पार दगडापाशी नेला. रुकियाने माझ्याकडे पाहिलंही नाही. मेथी खाली ठेवून ती अंगण आणि बैठकीमधल्या पडद्यापाशी गेली आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अहो, लाकूड ओलं आहे! काही केल्या पेटत नाही!" ओरडताना तिची नजर थेट त्या नाण्यावर होती.

आवांनी नाणं उंटवाल्याच्या हातात परत ठेवलं. "दुसरं काढ बाबा."

दुसरं आपटलं. रुकिया ओरडली, "अहो, कॉफी उतू चाललीय!" आवांनी ते ठेवून घेतलं.

त्या दिवसापासून हे सुरू झालं ते सुरूच राहिलं. पडद्याआडून रुकिया नाण्याचा आवाज ऐकायची; खरं नाणं आलं की कॉफी उतू जायची, खोटं आलं की लाकूड ओलं निघायचं. एकदा एक सोमाली म्हातारा वैतागून म्हणाला, "सकाळपासून उतू चाललीय तुमची कॉफी, एक कप तरी बाहेर येऊ द्या की!" तेव्हापासून रुकिया खरोखरच कॉफी ठेवू लागली.

मी एकदा तिला विचारलं, "आय, तुमचं दोघांचं ठरलंय का हे?"

"काय ठरलंय?"

"हेच. आवांना ऐकू येत नाही म्हणून तू..."

"कुणी सांगितलं तुला ऐकू येत नाही म्हणून?" ती माझ्यावर उसळली. "त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही. लाकूड ओलं असलं तर बाई नवऱ्याला सांगणार नाही का? मेथी निवड तू, सित्ती."

हे गुपित फुटलं ते फक्त दामेपाशी. दामे डोंगरावरून पाठीवर मोळी घेऊन यायची. आमच्या अंगणाचं लाकूड तीच घालायची, आणि कधीमधी गाठीतलं एखाददुसरं बाईचं नाणं आवांना विकायची. तोंडाने फटकळ. एकदा मोळी टाकून ती गल्लीत दोर गुंडाळत बसली होती, तोच आत आय रुकियाचा ओल्या लाकडाचा पुकारा झाला. दामे उसळून थेट चुलीपाशी.

"कुणाचं लाकूड ओलं गं? माझं? डोंगरावर वाळवून, पाठ मोडून आणते मी! दाखव, कुठाय ओलं?"

सकाळची कॉफी होऊन चूल गार झाली होती. लाकडाची काडीसुद्धा तिच्यात नव्हती. दामेने चुलीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पलीकडे नाणं हातात धरून बसलेल्या आवांकडे पाहिलं. तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. रुकियाने त्यात भाकरीचा तुकडा कोंबला.

"एक शब्द बाहेर गेला ना दामे, तर बघ."

"मी कुठे काय म्हणतेय?" भाकरी चावत दामे म्हणाली. "पण माझ्या लाकडाची बदनामी होतेय. उद्यापासून मोळीचा भाव वाढला."

रुकियाने तो भाव मरेपर्यंत दिला. कुरकुर मात्र दर मोळीला केली.

ती गेली रमजाननंतर. साधा ताप होता, निमित्त झालं. सुखदुःखाला धावणाऱ्या गल्लीतल्या बायकांच्या मंडळाने सगळं रीतीप्रमाणे केलं, घर दुःखाला आलेल्या माणसांनी भरलं आणि मग रिकामं झालं. त्यांचा मुलगा तौफिक दिरेदावाहून आला होता. रेल्वेत कारकून होता तो. त्याने एकच लकडा लावला, बैठक बंद करा आणि माझ्याकडे चला. आव म्हणाले, "बाजाराचा एक दिवस बसून बघतो. जमलं नाही तर येतो."

बैठकीवाचून हा माणूस दिरेदावाच्या त्या उकाड्यात दोन पावसाळेसुद्धा काढणार नाही, हे मला दिसत होतं. म्हणून मी ठरवलं, रुकियाच्या जागी मी बसायचं. आदल्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरात फरशीवर नाणी आपटून पाहिली, खरी आणि खोटी. कान लावला, डोळे मिटले. मला दोन्ही आवाज सारखेच! इतकी वर्षं मी तिच्या शेजारी बसले आणि काही म्हणता काही शिकले नाही. तरी बाजाराच्या दिवशी गेले आणि पडद्यामागे बसले.

पहिलं गिऱ्हाईक दामे. आज मोळी नव्हती. गाठ सोडून तिने तीन नाणी बैठकीवर ठेवली.

"नातीच्या लग्नाचं बघतेय, आव."

"घरी सगळे बरे?"

"बरे."

"विकायलाच हवीत का?"

"हवीत."

आवांनी पहिलं नाणं दगडावर आपटलं. मान तिरकी झाली, पडद्याकडे. मी तोंड उघडलं आणि मला कळेना काय ओरडावं. एक चुकीचा शब्द, की आवांचे पैसे तरी बुडणार नाहीतर दामेच्या नातीचं लग्न तरी. आव वाट बघत होते. पडद्याकडे बघत ते इतका वेळ बसले की दामेने मान खाली घातली.

मग त्यांनी नाणं तिच्यापुढे ठेवलं.

"दामे, मला नाण्याचा आवाज ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. तूच सांग काय ते."

दामेने तिन्ही नाणी ओढून घेतली आणि एकेक करून दगडावर आपटली. दोन त्यांच्याकडे सरकवली. तिसरं पुन्हा गाठीत बांधलं.

"हे राहू दे. हे माझ्या जावेला देते, तिची तीच लायकी आहे."

आवांनी दोन नाण्यांचे बिर्र मोजून दिले. ती उठून गल्लीत गेली, तेव्हा पदराने डोळे पुसत होती, आणि वर जावेला शिव्या देत होती.

मी पडदा सारून बाहेर आले. म्हटलं, झालं, आता दिरेदावाला जायला नको. पण आव भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मी जवळ बसले.

"सित्ती," ते म्हणाले, "हे मी रुकियाला एकदाही सांगितलं नाही. लाकूडवालीला सांगितलं."