मळखाऊ

दुकानात त्यांना सगळे मळखाऊकाका म्हणत. त्यांना त्यात मानच वाटे.

पडद्यांचं कापड विकण्यात काकांचा जन्म गेला होता. गिऱ्हाईक आत आलं की काका आधी त्याच्या चपला बघत, मग पोरं किती ते विचारत, आणि मगच हात तागे काढायला वर जाई. बसक्या छताच्या खोलीला उभे पट्टे, नव्या जोडप्याला ठिपके, ज्यांचं आपसात पटत नाही त्यांना चौकडा. म्हणजे ज्याचा त्याचा रकाना वेगळा. कुणी पांढऱ्यावरच्या मोठ्या निळ्या फुलांकडे बोट केलं, की काकांच्या कपाळाला आठ्या पडत.

"घरात राहणार कोण, तुम्ही की पडदे?" असं विचारून ते तपकिरीवरच्या बारीक फुलांचा तागा धप्पकन उलगडत. "हे न्या. मळखाऊ आहे. चहा सांडा, शाई सांडा, पोरांना हात पुसू द्या. कापड चकार शब्द काढणार नाही."

घरीही तेच. पडदे तेच, अभ्रे तेच, सोफ्याची खोळ तीच, आणि काकूंचा गाऊनही त्यातलाच. काकू सोफ्यावर बसल्या की आलेल्या माणसाला आधी नुसता सोफाच दिसे.

"अहो, एकदा ती निळी फुलं आणा की."

"मळतं ते."

"मी धुईन ना."

"धुतलं की विटतं."

हे इतक्या वेळा झालं होतं की पुढे पुढे काकू विचारताना दुसरीकडेच बघत.

मग काकू मुलीकडे चार दिवस राहायला गेल्या, आणि ते चार दिवस काही संपेनात. फोन केला की म्हणत, "येईन की. इथे जरा उजेड बरा आहे."

एकदा सोफ्यावर एकटेच बसलेले असताना काकांच्या हातून कप कलंडला. ते लगबगीनं फडकं घेऊन आले, तर डाग कुठे पडलाय तेच सापडेना. बारीक फुलांत बोटं फिरवत ते बराच वेळ ओलं शोधत राहिले. आपल्या घरात काय काय सांडलं असेल आणि आपल्याला दिसलं नसेल, हा विचार त्यांना मुळीच आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निळ्या फुलांचा तागा स्वतःसाठी उतरवला. मालक म्हणाले, "काका, ताप-बिप आहे का?" घरच्या खिडकीचं माप तोंडपाठ होतं. पडद्याच्या दोन पानांचं कापड फाडलं, घडी केली आणि काका थेट मुलीच्या घरी गेले.

"तुझी निळी फुलं," ते बायकोला म्हणाले. "चल, घरी जाऊन शिवू."

काकूंनी घडी जमिनीवर उलगडली. त्यांचा चेहरा उजळला, आणि काकांना वाटलं, जमलं. काकूंनी पडद्याची दोन पानं शेजारी शेजारी धरून पाहिली, वर-खाली सरकवली, पुन्हा धरली.

"अहो, जोडावर फूल जुळत नाहीये. जुळवलं तर एक पान आखूड पडतंय."

मोठ्या फुलाला जुळवणीसाठी कापड जास्त धरावं लागतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला काका हे पहिल्याच दिवशी शिकवत. पण स्वतःच्या घराचं कापड फाडताना हात सवयीनं चालला होता, बारीक फुलांच्या हिशेबानं. तिथे काही जुळवावं लागतच नाही.

"बाबा, तुम्ही चुकलात?" मुलगी हसली. कुणी साथ दिली नाही तशी ती चहा टाकायला आत गेली.

"उद्या जास्तीचं आणतो," काका म्हणाले. "मग निघू."

काकूंनी कापडावरून एकदा हात फिरवला, नीट घडी घातली आणि उठून मुलीचं कपाट उघडलं. त्यात एक खण त्यांच्या कपड्यांनी पूर्ण भरला होता. तपकिरी त्यात काहीच नव्हतं. घडी त्यांनी त्या खणात सारली.

"आणा," त्या म्हणाल्या. "घाई काही नाही."