साडेआठ दोनदा वाजले

बाबा गेले त्या वर्षी मी पुण्यातली खोली सोडून गोंदियाजवळ नागऱ्याला मायकडे राहायला आले. कंपनीला सांगितलं, घरून काम करते, पटत नसेल तर राजीनामा घ्या. माझं डोकं कसं फिरतं हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून साहेबांनी वाद घातला नाही. गावात लोक म्हणायचे, पोरगी मायसाठी परत आली, केवढी गुणाची. मलाही तसंच वाटायचं. खरं सांगायचं तर एका घरात आम्ही दोघी एकेकट्या होतो. ती मागच्या पडवीत, मी समोरच्या खोलीत दार लावून.

माझं काम कुणाला सांगायला गेलं की समोरचा जांभई द्यायचा. पृथ्वी फिरताना जरा रेंगाळते, म्हणून काही वर्षांनी जगाच्या घड्याळात एक सेकंद जास्तीचा घालतात. त्याला लीप सेकंद म्हणतात. २००८ संपताना तो यायचा होता, आपल्याकडे एक जानेवारीच्या सकाळी साडेपाचला. माणसाला पत्ताही लागत नाही. कॉम्प्युटर मात्र गोंधळतो, कारण त्याच्या हिशोबात मिनिटाला एकसष्टावा सेकंद बसतच नाही. मग ऑपरेटिंग सिस्टीम आधीचाच सेकंद परत मोजते. पाच एकोणतीस एकोणसाठ, आणि पुन्हा पाच एकोणतीस एकोणसाठ. त्या सेकंदाला एखादं काम ठरलेलं असलं तर ते दोनदा होऊ शकतं. तसं होऊ नये हे बघायची जबाबदारी माझी.

त्यासाठी कॉम्प्युटरचं घड्याळ मुद्दाम त्या सकाळवर नेऊन ठेवायचं, सेकंद येऊ द्यायचा, काय बिघडतं ते बघायचं आणि परत मागे न्यायचं. त्या डिसेंबरात मी रोज दहा-पंधरा वेळा नवीन वर्ष आणलं, स्वेटर घालून, एकटीनं. एकदाही कुणी शुभेच्छा दिल्या नाहीत याचं मला वाईट वाटायचं. हसू नका, खरंच वाटायचं.

मायला साखरेचा आजार होता. सकाळी साडेआठला गोळी, मग नाश्ता. ती वेळ विसरायची आणि मला उठून सांगायचा कंटाळा. म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर मी दहा मिनिटांत एक छोटा प्रोग्राम लिहिला. साडेआठ झाले की घंटा. वायर ओढून स्पीकर पडवीत नेऊन ठेवला. घंटा वाजली की माय गोळी घ्यायची आणि मला खोलीतून हलावं लागत नसे. स्वतःच्या हुशारीचं मला फार कौतुक वाटलं.

आणि हीच मी हाताखालच्यांना लांबलचक मेल लिहायचे. ज्या घड्याळावर कुणाचं काही अवलंबून आहे त्यावर चाचणी करू नका. जे काम एकदाच व्हायला हवं ते झाल्याची खूण ठेवा, नुसत्या वेळेवर विसंबू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

चाचणीसाठी कंपनीनं वेगळं मशीन पाठवलं होतं. एका संध्याकाळी लोडशेडिंग संपून वीज आली ती असल्या झटक्यानं, की ते मशीन जळालं. नागपूरहून दुसरं यायला आठवडा लागणार होता आणि साहेबांना निकाल दुसऱ्याच दिवशी हवा होता. मी चाचणी घरच्या कॉम्प्युटरवर लावली.

सकाळी आठ वीसला सुरू केली. चाचणी आधी सुरुवातीची वेळ टिपून ठेवायची. मग पंधरा मिनिटं घड्याळ जसं आहे तसं चालू देऊन त्याची चाल तपासायची. एवढ्यात साडेआठ झाले, घंटा वाजली, मायनं गोळी घेतली, पोहे खाल्ले. त्यानंतर चाचणीनं घड्याळ एक जानेवारीवर नेलं, तासभर तिथेच पुढेमागे केलं, आणि संपल्यावर टिपून ठेवलेली वेळ परत लावली. आठ वीस. जळालेल्या मशीनवर त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. त्याच्या घड्याळाकडे बघून कुणी गोळी घेत नव्हतं. आमच्या घरात मात्र दहा मिनिटांनी साडेआठ दुसऱ्यांदा वाजले.

ती घंटा माझ्या कानावर पडली. हे मी लपवणार नाही. पडली, आणि रोजचीच म्हणून विरून गेली. मी तेव्हा फोनवर साहेबांना सांगत होते की चाचणी बिनचूक पार पडली.

दुपारी शेजारच्या मावशी लाखोळीच्या पाल्याची भाजी द्यायला मागच्या दारानं आल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अवो बाई, लवकर ये! पाय तुई माय कशी करून राहिली!"

मी धावले. डिसेंबरच्या थंडीत मायचं लुगडं घामानं ओलं झालेलं. हात थरथरत होते, आणि मला ती तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारत होती. मावशींनी डब्यातली साखर चिमटीनं तिच्या गालात ठेवली. ऑटोत घालून आम्ही तिला गोंदियाला नेलं. मी रस्ताभर रडत होते, आणि मावशी मला दटावत होत्या.

"गोली दो बार गई है क्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"शक्यच नाही," मी ठासून म्हणाले. "कॉम्प्युटर एकदाच घंटा..." आणि तेवढ्यात मला ती दुसरी घंटा आठवली. डॉक्टर म्हणाले, थोडी देर और होती तो मुश्किल था.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. माय उशीला टेकून बसली होती. चूक माझीच होती, तरी चिडले मी तिच्यावरच. माझा स्वभावच तसा.

"दोनदा कशी घेतलीस? एकदा घेतलेली आठवत नव्हती का?"

"आठवत होती ना. मले मालूम होतं."

"मग?"

"तू त दिवसभर बोलतच नाही, बाई. घंटी वाजली का मले वाटते, तूच हाक मारून राहिली. काल दोन खेपा मारली. मंग मी कायले नाही म्हणू?"

झाल्याची खूण तिनं मनात ठेवली होती. सगळ्या घरात तेवढी एकच गोष्ट बरोबर चालत होती, आणि तिनं ती माझ्यासाठी बाजूला सारली.

घंटा मी त्याच संध्याकाळी काढली, वायरसकट. सकाळी साडेआठला स्वतः पडवीत गेले, गोळी दिली, पाणी दिलं. तिनं गोळी गिळली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी समोर बसले. काय बोलावं ते मला सुचेना. इतके महिने एका घरात राहून एक शब्द सुचेना, आणि ते तिला दिसत होतं.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "जाय बाई, तुले काम असन."